इनासकाकांची पहिली शिकार

इनासकाकांनी आयुष्यात कधी चिमणीसुद्धा मारलेली नाही, हे मला कळलं तेव्हा त्यांच्या शिकारीचं विमानाचं तिकीट माझ्या पर्समध्ये होतं. तिकिटाची कल्पना माझी होती, सगळ्यांना पटवलं होतं मी, आणि दुसऱ्या दिवशी शाल-श्रीफळासोबत ते त्यांच्या हातात ठेवणारही मीच होते. दोह्यात पंधरा वर्षं काढली, पण असा घाम मला जुलैतही फुटला नव्हता.

पण ते नंतर. आधी काका.

इनास मच्याडो, वसईजवळच्या भुईगावचे. दोह्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात ते प्लास्टर टेक्निशियन होते. डॉक्टर हाड जुळवून निघून जातात, त्यानंतर त्यावर प्लास्टर चढवणारा आणि सहा आठवड्यांनी ते कापणारा जो माणूस असतो, तो. आमची ओळख माझ्या नवऱ्यामुळे झाली. मिलिंद बाथरूममध्ये घसरला आणि मनगट मोडून बसला. प्लास्टर रूमच्या खुर्चीतून तो मला सांगत होता की फरशी ओली ठेवल्यामुळे हे झालं, आणि मी त्याला सांगत होते की चाळिशीनंतर माणसाने जरा पायाखाली बघून चालावं. समोर निळ्या गणवेशातला एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस खाली मान घालून ओल्या पट्ट्या गुंडाळत होता. बराच वेळ त्याने काही ऐकल्याचं दाखवलं नाही. मग स्वच्छ मराठीत म्हणाला, "साहेब, हात हलवू नका. बायकोला उत्तर तोंडाने द्या."

पट्ट्या सुकेपर्यंत गप्पा झाल्या. काका गावच्या मराठी शाळेत शिकलेले, आणि हॉस्पिटलात दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून त्यांची जीभ आंबलेली. मराठी माणूस भेटला की ते त्याला लवकर सोडत नसत. निघताना त्यांनी माझ्याकडे डॉक्टरसारखं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "बाय, तुझे खांदे सरळ आहेत. शुक्रवारी ये, तिरंदाजी शिकवतो."

"आणि मी?" मिलिंद म्हणाला.

"तुम्ही प्लास्टर भिजू देऊ नका."

दोह्याच्या उत्तरेला, समैस्मा गावाच्या अलीकडे, बू नासर नावाच्या एका कतारी गृहस्थांचं शेतघर आहे. त्यांचा मोडलेला घोटा काकांनी बांधला होता, तेव्हापासून त्या शेतघरामागची मोकळी जागा काकांची झाली. नोव्हेंबर ते मार्च, दर शुक्रवारी काका अबू हमूरच्या चर्चमध्ये पहाटेच्या मासची प्रार्थना आटोपायचे, रोझमावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घरी सोडायचे आणि गाडी उत्तरेला काढायचे. त्या जागेत बोरीच्या झुडपांआड त्यांनी फोमची जनावरं उभी केली होती. चार हरणं, एक लांडगा आणि एक काळं अस्वल. वाळवंटात अस्वल कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "सेलमध्ये तेच उरलं होतं."

आम्ही आठ-दहा शिकाऊ. दोन मल्याळी नर्सेस, एक इजिप्तचा फार्मासिस्ट, वसईचीच दोन-तीन माणसं, आणि लातूरकडचा ज्ञानोबा, जो एका कंपनीची बस चालवायचा आणि खोलीत सात जणांबरोबर राहायचा. जंगलात धनुष्य घेऊन शिकारीला जाणारा माणूस जसा तयार होतो, तसंच काका आम्हाला तयार करत. म्हणजे आधी कपडे. पहिले तीन शुक्रवार त्यांनी मला धनुष्याला हातसुद्धा लावू दिला नाही.

कपड्यांची परीक्षा अशी असे. काका खुर्चीवर डोळे मिटून बसत आणि आपण त्यांच्या पाठीमागून दहा पावलं चालायचं. कापड घासल्याचा आवाज आला की ते बोट वर करत. माझ्या वाऱ्याच्या जॅकेटला त्यांनी चौथ्याच पावलाला बाद केलं. "जनावराला आधी कपडा ऐकू येतो, माणूस नंतर दिसतो," म्हणाले. मी म्हटलं, काका, फोमच्या हरणाला काय ऐकू येणार? डोळे न उघडताच म्हणाले, "त्याला नाही येत. तुला येतो ना?"

पहाटे तिकडे चांगलीच थंडी असते. दोह्यात हिवाळा असतो हे नाशिकच्या माझ्या आईला अजून पटलेलं नाही, पण असतो. अंगाला चिकटून सुती बनियन नको, कारण घाम आला की ते ओलं राहतं आणि मग हुडहुडी भरते. आत घाम सुकवणारं पातळ, मध्ये लोकरीचं, वर आवाज न करणारं, असे तीन थर. बूट बंद आणि घोट्यापर्यंतचे. अत्तर नाही, पावडर नाही, केसांना वासाचं तेल नाही. हा नियम पाळणं कतारमध्ये सोपं नव्हतं. बू नासर स्वतः शिष्टाचार म्हणून ऊद, म्हणजे सुगंधी लाकूड, जाळलेलं धूपदान सगळ्यांसमोर फिरवायचे, आणि आम्ही काकांकडे चोरून बघत नम्रपणे मागे सरकायचो. काका त्यांना कधी काही बोलले नाहीत. शेवटी धूपदान आधी की नेम आधी, यावर दोघांत तह झाला. धूप जाताना.

ज्ञानोबा पहिल्या दिवशी बाजारातून घेतलेला हिरव्या पानापानांचा लष्करी शर्ट आणि तशीच पँट घालून आला होता. स्वारी खुशीत होती. काकांनी त्याला वाळूवर उभं केलं आणि आम्हाला पन्नास पावलं मागे नेलं.

"कोण दिसतंय?"

"ज्ञानोबा," आम्ही म्हणालो.

"ज्ञानोबा नाही. भिवंडीची नर्सरी दिसतेय." मग त्याच्याजवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. "ज्या रानात जायचं त्या रानाचा रंग घालायचा. इथलं रान धुळीचं आहे. तुझी ती गाडी पुसायची जुनी खाकी पँट आहे ना, ती घाल." ज्ञानोबा पुढच्या शुक्रवारी ती घालून आला आणि काकांनी त्याला सगळ्यांपुढे शाबासकी दिली. पन्नाशीच्या जवळ आलेला तो माणूस लाजला.

सैल ते सगळं मागे, हे दुसरं कलम. काकांच्या खिशात सेफ्टी पिनांची माळच असे. ओढणी, बाही, झुलणारी कानातली, गळ्यातलं, यातलं काहीही दोरीत अडकतं. गळ्यातल्यांसाठी त्यांनी एक बिस्किटांचा डबा ठेवला होता. त्यात क्रूसाच्या साखळ्या, नर्सबाईंची ताली, म्हणजे त्यांच्याकडचं मंगळसूत्र, आणि ज्ञानोबाचा तुळजापूरचा ताईत सगळं गुण्यागोविंदाने एकत्र पडायचं. मी मंगळसूत्र काढायला नकार दिला. एरवी मी फार धार्मिक नाही, पण कुणी काढ म्हटलं की माझं डोकं फिरतं. काकांनी वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी जाड कापडाचा, स्वतः मशीनवर शिवलेला एक छातीचा पट्टा आणला. "आत घाल, वर हा बांध. नवरा पण सुरक्षित, दोरी पण सुरक्षित."

हाताची पट्टी हा तर त्यांचा खास प्रांत. धनुष्य धरतो त्या हाताच्या आतल्या बाजूला सुटलेली दोरी फटकन बसते, म्हणून तिथे पट्टी हवी. दुकानातली पट्टी त्यांना चालत नसे. हॉस्पिटलात गरम पाण्यात मऊ होणारं एक प्लास्टिक असतं, हाताला आधार द्यायला वापरतात ते. त्याचे कापून उरलेले तुकडे काका इन्चार्ज सिस्टरला विचारून घ्यायचे, आणि प्रत्येकाच्या हातावर मापाने बसवून द्यायचे. तो गरम तुकडा हातावर दाबून धरताना त्यांचा चेहरा इतका गंभीर व्हायचा, की आपलं खरंच काहीतरी मोडलंय असं वाटावं. एकदाच, फक्त एका बाणासाठी, मी पट्टी न बांधता दोरी सोडली. कोपरापासून मनगटापर्यंत हात जांभळा झाला. मी नोकरी करते त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मी लांब बाह्यांचे कपडे घालून फिरत होते, तरी कुणीतरी पाहिलंच. नवऱ्याचा हात प्लास्टरमध्ये आणि हिचा हात काळानिळा, यावरून आमच्या संसाराबद्दल जे अंदाज बांधले गेले, ते निस्तरायला मला सहामाही परीक्षा उजाडली.

आणि शेवटचं कलम, जे ते बाकी सगळ्यांपेक्षा हळू आवाजात सांगत. "बाण सोडणं सोपं आहे. खात्री नसेल तर ताणलेली दोरी परत उतरवायची. ते शिका." दर शुक्रवारी आम्ही पाच बाण सोडायचो आणि पाच वेळा नुसती ताणून उतरवायचो. उतरवताना खांदे जास्त दुखतात.

हे सगळं शिकवणारा माणूस शिकारी असणार, यात आम्हाला शंका कशी येणार? त्यांच्या लॉकरच्या दारावर फोटो होता. धुळकट कपडे, खांद्याला बाणांचा भाता, शेजारी हरीण. ते हरीण फोमचं होतं, पण फोटोत ते ओळखू येत नव्हतं. हॉस्पिटलात त्यांना शिकारीकाका म्हणायचे. आम्हीही म्हणायला लागलो. ज्ञानोबाने तर त्यांच्या नावावर एक बिबट्या जमा केला होता आणि तो गावी फोन करून सांगितला होता. काका कधीच "मी मारलं" म्हणाले नाहीत. "शिकारी असं करतो," "शिकारी तसं करतो," एवढंच. कुणी जास्त खोदून विचारलं की म्हणायचे, "पायाकडे बघ, पाय चुकलाय." आणि पाय खरंच चुकलेला असायचा.

काकांच्या निवृत्तीची वेळ आली तेव्हा माझ्यातली कार्यकर्ती जागी झाली. मराठी माणूस कुठेही गेला तरी कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. घड्याळ, पेन, चांदीची फ्रेम हे मी धुडकावून लावलं. काकांना हा नाद लावला होता पीटर नावाच्या दक्षिण आफ्रिकेच्या एका इंजिनिअरने. त्याचाही हात कधीतरी काकांनीच बांधला होता, आणि देश सोडताना त्याने आपलं धनुष्य त्यांना दिलं होतं. आता तो तिकडे एका शिकारीच्या रानाचा व्यवस्थापक होता, परवान्याने, मोजून शिकार करू देतात तसलं रान. मी त्याचा नंबर मिळवला. राहणं, परवाना, धनुष्य सगळं तो बघणार होता, आम्ही फक्त तिकीट काढायचं होतं. रोझमावशींना विचारावं असंही मला सुचलं नाही, कारण त्यांना सांगितलं की काकांना कळणार. आपल्याला सरप्राइझ हवं होतं ना.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी मी पीटरला शेवटचा फोन केला. तो फार खूश होता. इंग्रजीत म्हणाला, "इतकी वर्षं मी त्याला बोलावतोय. एकदाचं त्याचं पहिलं जनावर होईल."

"पहिलं म्हणजे आफ्रिकेतलं पहिलं?"

"नाही. पहिलंच."

मी मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, मग काय झालं, सगळ्यांचं कधी ना कधी पहिलं असतंच. माझ्या जिवाला लागलेला घोर त्याला कळेना. मग मी रोझमावशींना फोन केला. त्या आधी हसायला लागल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. "अगं, नाताळला गावी डुक्कर कापायचे तेव्हा हा बावखलाच्या, तळ्याच्या, पलीकडे जाऊन बसायचा. ओरडणं बंद झालं की परत यायचा. कोंबडी मी कापते अजून. तुम्ही काय केलंत हे?"

मी तेव्हाच सगळं थांबवायला हवं होतं. पण बू नासरांनी बकऱ्याची मजबूस, म्हणजे मटणाचा मसालेभात, सांगून ठेवली होती, बॅनर छापून आला होता, आणि खरं सांगायचं तर माझ्यात धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी मी शाल घातली, नारळ दिला आणि पाकीट दिलं. काकांनी तिकीट वाचलं. सगळे टाळ्या वाजवत होते. काकांनी हात जोडले, हसले, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या पांढऱ्या पडलेल्या मी पाहिल्या.

जेवणं झाल्यावर ते मला अस्वलाजवळ घेऊन गेले. मीच आधी बोलून टाकलं, "काका, मला कालच कळलं. मी सगळ्यांना सांगते, रद्द करते, माझी चूक आहे."

"तुझी नाही, बाय. माझी आहे." त्यांनी अस्वलाच्या पाठीवरची धूळ झटकली. "मी खोटं बोललो नाही कधी. पण तुम्ही चुकीचं समजलात तेव्हा गप्प बसलो. आवडायचं मला ते. प्लास्टरवाल्याला कोण विचारतो? शिकाऱ्याचं सगळे ऐकतात. कन्फेशनला मी हे सांगितलंय. फादर म्हणाले, मला काय सांगतोस, ज्यांना फसवलंस त्यांना सांग. त्याला तीन वर्षं झाली. दर शुक्रवारी येताना वाटतं, आज सांगू."

"मग आता सांगा."

"आता? शाल अंगावर असताना?" त्यांनी शालीचं टोक खांद्यावर सारखं केलं. "मारायची भीती नाही गं. अर्धवट मारायची आहे. चाळीस वर्षं मी अर्धवट मोडलेलीच माणसं बघितलीयत. माणूस निदान प्लास्टर रूमपर्यंत येतो. ते जनावर बाण घेऊन पळालं तर कुठे जाणार?"

तरीही ते गेले. नाही कसं म्हणायचं, हे त्यांना जमलं नाही. तयारी मात्र नियमाप्रमाणे केली, तीन थर, बिनआवाजाची पँट, बंद बूट. आठ दिवस मी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुताना फक्त त्याच माणसाचा विचार करत होते. आपण हौसेने एका भल्या माणसाला असं काहीतरी करायला पाठवलं, जे केल्यावर तो पुन्हा पूर्वीसारखा राहणार नाही, आणि नाही केलं तर आपल्यालाच तोंड दाखवू शकणार नाही. ग्रुपवर ज्ञानोबा रोज विचारायचा, "काकाचा फोटो आला का?" फोटो येत नव्हता. रोझमावशी म्हणाल्या, फोन करतो, जेवला का विचारलं की जेवलो म्हणतो, एवढंच.

ते परत आले त्या शुक्रवारी सगळे झाडून हजर होते. बू नासरही खुर्ची टाकून बसले होते. काका गाडीतून उतरले आणि थेट आमच्यासमोर येऊन उभे राहिले. हात मागे बांधले होते, शाळेत कविता म्हणायला उभं करतात तसे. मग हिंदीत, सगळ्यांना कळेल असं, बोलायला लागले.

"मैं शिकारी नहीं हूँ," म्हणाले. "कभी नहीं था." लॉकरवरचं हरीण फोमचं, बिबट्या ज्ञानोबाचा, सगळं सांगितलं. रानात पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पीटरला आपली भीती सांगितली होती. पीटर म्हणाला होता, मचाणावर बस, वाटलं तर सोड, नाही वाटलं तर नको. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एक कुडू आलं, पिळदार शिंगांचं मोठं हरीण, पंधरा पावलांवर. वारा बरोबर होता. काकांनी दोरी ताणली.

इथे ते थांबले, आणि पुढचं मराठीत बोलले. बहुधा लक्षात न येता. "हात हलला नाही. नेम पक्का होता. अर्धवट होणारच नव्हतं, मला खात्री होती. इतकी वर्षं मी म्हणत होतो ना, अर्धवटाची भीती? तेही खरं नव्हतं. मला मारायचंच नव्हतं. मग मी दोरी उतरवली. ते पाणी प्यायलं आणि गेलं. मी मचाणावर बसून रडलो, पण बरं वाटून रडलो."

फार्मासिस्टला आणि नर्सेसना कुणीतरी हळू आवाजात इंग्रजीत सांगत होतं. काका उभेच होते. मग ज्ञानोबा उठला.

"काका, राग येऊ देऊ नका," तो म्हणाला. "म्या हितं येतो ते खोलीतून भायेर पडाया. मोकळ्यात चार तास मिळतेत. मला आपलं वाटायचं, एक ना एक दिवस तुमी म्हणणार, आता शिकलास, चल, खरं हरीण मार. त्या दिवसापासून मी येणं बंद करणार व्हतो." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "लई बरं झालं बगा."

आणि मग कळलं की असं सगळ्यांनाच वाटत होतं. मल्याळी नर्सेसपैकी एक म्हणाली, तो दिवस येऊ नये म्हणून ती तर प्रार्थना करत होती. मी म्हटलं मीही. आम्ही इतक्या मन लावून शिकारीचे कपडे घालायला शिकलो होतो, आणि शिकार एकालाही करायची नव्हती. मला हसू फुटलं ते आवरेना. बू नासरांनी सगळं समजावून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "खलास. यल्ला, चाय." म्हणजे संपलं, चला आता चहाला. त्या दिवशी चहाआधीच धूपदान फिरलं आणि काकांनी स्वतः त्याचा धूर दोन्ही हातांनी दाढीवर घेतला.

पुढच्या महिन्यात काका कायमचे गावी निघाले. विमानतळावर आम्ही चौघं होतो, काका, रोझमावशी, मिलिंद आणि मी. धनुष्याची लांबलचक पेटी मोठ्या सामानाच्या काउंटरवर द्यायची होती. तिथली फिलिपिनो मुलगी कागद बघत होती. पेटीवर थाप मारून तिने हसत विचारलं, "सर, यू आर अ हंटर?"

काका ताठ उभे राहिले. "नो, सिस्टर," म्हणाले. "नेव्हर." हे इतक्या मोठ्याने, की शेजारच्या रांगेतली माणसं वळली.

रोझमावशी त्यांची बाही ओढत म्हणाल्या, "अरे हळू बोल, सगळे बघतायत."

"बघू दे," काका म्हणाले.